अंगणातील जुनी गाडी आणि आपली प्रकृती

आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात, वाहनतळाच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी असेल. टायर बसलेले, रंग उडालेला, आसनावर उंदरांनी केलेली भोके. ती विकावी असे घरातील तरुणांना वाटते आणि ती दुरुस्त करावी असे घरातील ज्येष्ठांना वाटते. या वादात डॉक्टरचे काय काम, असा प्रश्न आपल्याला पडेल. माझ्या दवाखान्यात हा वाद अनेकदा आला आहे आणि एकदा तो माझ्या स्वतःच्या घरातही झाला होता. त्या वेळी मी चुकीच्या बाजूने निकाल दिला, म्हणून आज हे लिहीत आहे.

माझ्या वडिलांची मोतिया रंगाची प्रीमियर पद्मिनी होती. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते तिच्यापाशी दोन तास घालवीत. प्लग काढून पुसणे, कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलने धुणे, पॉइंट घासून पुन्हा बसविणे, असे काही ना काही चाललेले असे. गाडी वर्षातून चार वेळाही रस्त्यावर येत नसे. पुढे त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. ते रुग्णालयात असतानाच मी ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. हेतू चांगला होता; दगदग नको, धोका नको. घरी आल्यावर रिकाम्या जागेकडे पाहून ते एवढेच म्हणाले, ‘‘बरं केलंस.’’ त्यानंतर ते सकाळी खाली उतरेनासे झाले. चालणे कमी झाले, भूक कमी झाली, शेजाऱ्यांशी बोलणे संपले. हृदय सांभाळण्याच्या नादात मी त्यांचा दिवसच काढून घेतला होता, हे मला फार उशिरा कळले. ते गेल्यावर त्यांच्या पलंगाखाली पान्यांचे गाठोडे सापडले. प्रत्येक पाना तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

काही वर्षांनी माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची कन्या दवाखान्यात आली. सरांचे वय बहात्तर, मधुमेह व रक्तदाब दोन्ही, पत्नीच्या निधनाला वर्ष झालेले. ‘‘डॉक्टर, तुम्ही तरी बाबांना सांगा. जुनी फियाट दुरुस्त करायची म्हणतात. या वयात हे कशाला?’’ या वेळी मी घाई केली नाही. सरांना बोलावून घेतले, तपासले आणि अटी घालून परवानगी दिली. त्या अटी पुढे सविस्तर सांगतो.

हीच गाडी का?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. प्रथम ती फियाट ११०० म्हणून ओळखली गेली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती फियाटच राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने काही पिढ्यांना इच्छित स्थळी पोहोचविले. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणूनही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

घरी काम करण्यास ती सोयीची आहे, कारण तिच्यात संगणक नाही. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्ब्युरेटर, पॉइंटवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि त्याचे कार्य समजते. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारांत किंवा जुन्या मेकॅनिकांच्या कपाटांत शोधावे लागतात. हा शोधही औषधच आहे, कारण त्या निमित्ताने माणूस घराबाहेर पडतो आणि चार लोकांशी बोलतो.

शरीराला व मनाला काय मिळते?

निवृत्तीनंतर अनेकांना जडणारा त्रास कोणत्याही तपासणीत दिसत नाही. ‘उद्या सकाळी माझी कोणाला गरज आहे?’ हा तो त्रास. दीर्घकाळ चालणारे काम या प्रश्नाचे उत्तर देते. नट-बोल्ट सोडविताना बोटांची हालचाल होते, उठबस होते, भागांचा क्रम लक्षात ठेवताना बुद्धीला व्यायाम मिळतो. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाडीची दुरुस्ती हा औषधांना पर्याय नाही आणि रोजच्या चालण्यालाही नाही. ती माणसाला औषध घेण्याचे व चालण्याचे कारण पुरविते, इतकेच; आणि ते थोडे नव्हे.

कामाचा क्रम

पहिला महिना पाना हातात घेऊ नये. गाडी धुवावी, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, एका वहीत प्रत्येक भागाची अवस्था लिहावी. कागदपत्रेही याच वेळी पाहावीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्यासाठी गाडीची तपासणी होते व पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणी पुस्तिका हरवली असेल, तर खर्च करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

त्यानंतर इंजिन. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी बॅटरी जोडून एकदम सुरू करू नये. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे, इंजिनचे तेल बदलावे, चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या असतील तर सरसकट बदलाव्यात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व जुने रबर त्याने खराब होते. अशी नळी गळली तर आगीचा धोका संभवतो.

गाडी सुरू होण्याचा आनंद मोठा असतो. परंतु ती चालण्यापूर्वी थांबली पाहिजे. म्हणून ब्रेकचे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे. रंगकाम, वेल्डिंग व टिंकरकामही घरी करू नये. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्याचे वय पाहावे. त्याच्या कडेवरील चार अंकी आकड्यात निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते.

काढलेला प्रत्येक नट, वायसर व स्क्रू वेगळ्या डबीत ठेवून वर चिठ्ठी लावावी. आज लक्षात आहे म्हणून सहा महिन्यांनीही राहील, असे तरुणांनीसुद्धा समजू नये.

मी घातलेल्या अटी

पहिली अट: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जमीन सपाट व पक्की असावी, चाकांना अडसर लावावेत, गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी आणि काढलेले चाक आडवे करून गाडीखाली सरकवून ठेवावे. साठीनंतर तर गाडीखाली शिरूच नये. ते काम मेकॅनिकचे. सरांचा जॅक एकदा खरोखरच सरकला. गाडी खाली आडव्या ठेवलेल्या चाकावर टेकली आणि सर बाजूला उभे होते. त्या संध्याकाळी ते दवाखान्यात येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरी अट: बंद जागेत इंजिन चालू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व रंगही नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे आपण पित्त समजून अंगावर काढतो. असे वाटताच मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे.

तिसरी अट: तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी ते फुप्फुसात उतरते व गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. तडक रुग्णालयात जावे.

चौथी अट: ब्रेक ड्रममधील धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. कुलंट चवीला गोड पण विषारी असते. ते नातवंडांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये. बॅटरीचे आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत व लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बॅटरीजवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको.

पाचवी अट: धनुर्वाताची लस. मोठ्या माणसांनाही दर दहा वर्षांनी तिची मात्रा घ्यावी लागते, हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या आजाराप्रमाणे काळजी

मधुमेह असल्यास उपाशीपोटी काम करू नये, खिशात साखर ठेवावी आणि पायांत बंद बूट घालावेत. सपाता घालून काम करताना पडलेला पाना पायाला लागला, तर ती जखम आपल्याला जाणवतही नाही व महिनोन्महिने भरत नाही.

रक्तदाबाची औषधे चालू असल्यास बॉनेटमध्ये फार वेळ वाकून राहू नये. एकदम उठल्यास चक्कर येते. स्टुलावर बसून काम करावे आणि उठताना क्षणभर गाडीला धरून थांबावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. जखम झाल्यास ती दहा मिनिटे सलग दाबून धरावी आणि डोक्याला मार लागल्यास, दिसायला किरकोळ असला तरी, रुग्णालयात जावे.

पेसमेकर बसविलेल्यांनी चालू इंजिनच्या प्रज्वलन व्यवस्थेपासून छाती किमान एक फूट दूर ठेवावी व आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच हा छंद घ्यावा. दमा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास थिनर, रंग व घासकाम वर्ज्य. बॅटरी दहा-पंधरा किलोंची असते. गुडघे, कंबर किंवा हर्निया यांचा त्रास असणाऱ्यांनी ती उचलू नये. सर्वांनीच कामाला मर्यादा घालावी. दिवसाला दीड-दोन तास, सकाळच्या वेळी, भरपूर उजेडात आणि घरात कोणी असताना. छातीत दाटले, धाप लागली किंवा घाम सुटला, तर ‘हा एक नट सोडवून उठतो’ असे म्हणू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

आपण काळजी घेणारे आहात, म्हणून भीती वाटणे स्वाभाविक आहे. ‘नको’ म्हणणे सोपे असते. ‘कसे’ हे ठरविणे कष्टाचे असते. ‘किती पैसे घातले?’ असे रोज विचारण्याऐवजी वर्षाची रक्कम एकदाच एकत्र बसून ठरवावी. आठवड्यातून एक तास स्वतः बॅटरी-टॉर्च धरून शेजारी उभे राहावे. ज्येष्ठांची स्मरणशक्ती मंदावली असेल, तर त्यांना नट-बोल्ट निवडणे, पत्रा पुसणे, क्रोम चकचकीत करणे अशी निर्धोक कामे द्यावीत. पेट्रोल व किल्ली मात्र आपल्या ताब्यात ठेवावी.

सर्वांत अवघड प्रश्न गाडी चालविण्याचा आहे. गाडी दुरुस्त करता येणे आणि ती चालविता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दृष्टी, श्रवण, मान वळविण्याची क्षमता, झोप आणणारी औषधे, हे सर्व डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि उत्तर ‘नाही’ आले तर ते मान्य करावे.

सरांची गाडी अडीच वर्षांनी, खंडेनवमीच्या दिवशी सुरू झाली. झेंडूचा हार घातला होता, मला पेढ्याला बोलावले होते. त्यांची साखर त्या काळात आटोक्यात आली. गाडीमुळे आली असे मी म्हणणार नाही. ते गोळ्या वेळेवर घेऊ लागले आणि जेवू लागले, म्हणून आली. मी विचारले, ‘‘सर, चालविणार का?’’ त्यांनी किल्ली मुलीच्या हातावर ठेवली व स्वतः शेजारच्या आसनावर बसले. ‘‘डॉक्टर, उजव्या डोळ्याला संध्याकाळी नीट दिसत नाही. मला ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. मुलीला स्टिअरिंगजवळचा गिअर काही केल्या सापडेना. त्यांनी तिचा हात धरून तो पहिल्यात टाकून दिला.

आपल्या घरात अशी एखादी गाडी असेल आणि तिच्याकडे पाहणारे कोणी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एकदा त्यांना विचारा. शक्य झाल्यास त्यांना आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि कामाच्या अटी तिघांनी मिळून ठरवा.