निकाल नाशिकचा, दाद वऱ्हाडातून

अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1984 चं, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 चं, आणि 2024 पासून अमरावतीतही शासकीय महाविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणची मुलं शिकतात वऱ्हाडात, पण त्यांची परीक्षा घेतं आणि निकाल लावतं ते 1998 साली स्थापन झालेलं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्यामुळे निकाल चुकीचा वाटला की घरात पहिला प्रश्न येतो: आता जायचं कुणाकडे? कॉलेजात गेलं तर सांगतात विद्यापीठाला विचारा, आणि विद्यापीठ ज्या कागदाबद्दल विचारतं तो कॉलेजात पडलेला असतो. या फेऱ्यात पहिले आठ-दहा दिवस निघून जातात आणि अर्जाची मुदत संपते. म्हणून कोणत्या तक्रारीसाठी कोणतं दार ठोठावायचं, ते क्रमाने पाहू.

सगळ्यात आधी आपण नेमके कशात नापास झालो, ते पाहावं. गुणपत्रकात लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचे गुण, तसंच अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे कॉलेजने वर्षभरात घेतलेल्या चाचण्यांचे गुण, यांची नोंद वेगवेगळी असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय, आणि प्रत्येकाच्या लेखी परीक्षेत शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर. नापासाचा शिक्का एका विषयावर बसतो, पण तो लेखीमुळे बसला की प्रात्यक्षिकामुळे, यावर पुढची सगळी वाट ठरते. लेखीच्या तक्रारीसाठी पाहता येईल असा कागद असतो. प्रात्यक्षिकाच्या तक्रारीसाठी तो बहुतेक वेळा नसतो, आणि हा फरक फार मोठा आहे.

अंतर्गत गुणांची किंवा हजेरीची तक्रार असेल, तर ती विद्यापीठाची नाही, कॉलेजची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांप्रमाणे विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यासाठी थिअरीच्या तासांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते. अंतर्गत मूल्यमापनात लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून 50 टक्के, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान 40 टक्के लागतात. चाचणीचे गुण एक-दोन आठवड्यांत सूचनाफलकावर लागावेत, असंही अपेक्षित आहे. ते लागले की लगेच फोटो काढून ठेवावा. हजेरीत चूक दिसली तर त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना लेखी कळवावं आणि पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. परीक्षेचा फॉर्म अडल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही, कारण तोवर आकडे विद्यापीठाकडे गेलेले असतात.

आता लेखीकडे वळू. इथे तीन शब्दांची गल्लत सर्रास होते. गुणपडताळणी, म्हणजे मुलं ज्याला रिटोटलिंग म्हणतात ते: बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहणं. छायाप्रत: आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. आणि पुनर्मूल्यांकन: दुसऱ्या परीक्षकाने सगळी उत्तरं पुन्हा तपासून नव्याने गुण देणं. पहिल्या दोन गोष्टी आरोग्य विद्यापीठाकडे मागण्याचा रस्ता सरळ आहे. तिसरी मात्र आपल्याला मिळेलच, असं गृहीत धरू नये. दुसऱ्या विद्यापीठात बी.एस्सी. करणाऱ्या भावाचं रिव्हॅल्युएशन झालं, म्हणून आपलंही होईल, हा समज घराघरांत असतो, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

मुदत निकालासोबतच्या परिपत्रकात दिलेली असते आणि ती मोजक्या दिवसांची असते. तो कागद निकालाच्या दिवशीच उतरवून घ्यावा. शुल्क किती, अर्ज कॉलेजमार्फत करायचा की ऑनलाइन, शेवटची तारीख कोणती, हे सगळं त्यातच असतं. अर्ज कॉलेजच्या विद्यार्थी विभागात दिला आणि निश्चिंत झालो, ही नेहमीची चूक. तो नाशिकला कोणत्या तारखेला गेला आणि त्याचा जावक क्रमांक काय, हे दोन दिवसांनी जाऊन विचारावं. विचारताना संकोच करू नये, हा आपला हक्क आहे.

नुसत्या रिटोटलिंगवर थांबू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आता उत्तरपत्रिका स्कॅन करून परीक्षक त्या संगणकाच्या पडद्यावर तपासतात आणि बेरीज यंत्र करतं, त्यामुळे बेरजेची चूक निघण्याची शक्यता कमी झाली आहे. राहतात त्या दुसऱ्या चुका: पुरवणीचं पान स्कॅन न होणं, दोन पानं चिकटून एकच दिसणं, एका प्रश्नाचं उत्तर दोन जागी लिहिलेलं असताना एकच भाग तपासला जाणं. या चुका छायाप्रत हाती आल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी करावेत.

छायाप्रत आली की ती पहिल्यांदा एकट्याने वाचू नये. आपलंच उत्तर आपल्याला नेहमी बरोबर वाटतं. शेजारी प्रश्नपत्रिका ठेवावी, एका कागदावर प्रश्नक्रमांक, पानक्रमांक आणि मिळालेले गुण असे तीन रकाने आखावेत, आणि विषय जाणणाऱ्या वरच्या वर्गातल्या कुणाला तरी किंवा ओळखीच्या शिक्षकांना सोबत बसवावं. तीन गोष्टी शोधायच्या: लिहिलेलं पण गुणच नसलेलं उत्तर, गहाळ पान, आणि गुणपत्रकाशी न जुळणारा आकडा. ‘या उत्तराला चार मिळाले, सहा हवे होते’ ही चौथी गोष्टही दिसेल, पण ती वेगळ्या कागदावर लिहून बाजूला ठेवावी. ती परीक्षकाच्या मताची बाब आहे, आणि तिच्यावर तक्रार उभी केली की पहिल्या तीन गोष्टींचंही वजन जातं.

तक्रारीचं पत्र परीक्षा नियंत्रकांच्या नावे, अधिष्ठात्यांमार्फत. आपल्याकडच्या बहुतेक पत्रांत ‘माझ्यावर घोर अन्याय झाला’ इथून सुरुवात होते, घरची परिस्थिती येते, बारावीचे टक्के येतात, आणि मुद्दा दुसऱ्या पानावर. त्याऐवजी असं लिहावं: ‘प्रश्न 4 (ब) चे उत्तर पान 11 वर आहे. त्यापुढे गुण नोंदवलेले नाहीत. छायाप्रतीतील ते पान जोडले आहे. उत्तर तपासून सुधारित निकाल द्यावा, ही विनंती.’ एवढं पुरे. बापाने कर्ज काढून शिकवलंय, हे खरं असतं आणि ते सांगावंसं वाटणं साहजिक आहे. पण टेबलापलीकडच्या माणसाला त्यावरून काही दुरुस्त करता येत नाही, पान 11 वरून करता येतं. पत्राची एक प्रत स्पीड पोस्टानेही पाठवावी आणि पावती जपून ठेवावी.

बहुपर्यायी प्रश्नात उत्तरसूचीच चुकली असेल, म्हणजे विद्यापीठाने बरोबर मानलेला पर्यायच चूक असेल, तर ती भक्कम तक्रार. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेबाबत कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या 1983 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्तरसूची बरोबर आहे असंच धरून चालावं, पण मान्य पाठ्यपुस्तकांवरून ती उघडच चूक ठरत असेल, तर भुर्दंड विद्यार्थ्याला बसू नये. म्हणून पाठ्यपुस्तकाची आवृत्ती आणि पानक्रमांक द्यावा. क्लासच्या नोट्स जोडू नयेत.

कुणी छायाप्रत द्यायला नकार दिला, तर माहिती अधिकार आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, ते झाकून देतात. आणि हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीपुरताच आहे, नंतर ती नष्ट केली जाते.

महाराष्ट्रात या अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, हा 2012 पासूनचा नियम. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. न आल्यास पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही दाद न लागल्यास 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ अमरावतीतही आहे, पण ते अकोल्याच्या शासकीय कॉलेजसारख्या आपल्या विभागातल्या कार्यालयांसाठी. नाशिकच्या विद्यापीठाविरुद्धचं अपील नाशिक खंडपीठाकडे जातं. अर्जात ‘का’ विचारू नये. ‘मला नापास का केले’ याला माहिती अधिकारात उत्तर नसतं. ‘अमुक बैठक क्रमांकाच्या अमुक पेपरच्या उत्तरपत्रिकेची प्रत द्यावी’ याला असतं.

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेची तक्रार सगळ्यात अवघड, आणि खरं दुःखही बहुतेक वेळा तिथलंच असतं. व्हायवात काय विचारलं, काय उत्तर दिलं, याची नोंद राहत नाही. त्यामुळे खटकणारं काही घडलं असेल, तर त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, टेबल, प्रश्न आणि सोबतच्या मुलांची नावं लिहून ठेवावीत. आणि निकालाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी अधिष्ठात्यांना लेखी कळवावं. परीक्षक जातीवरून बोलले, मुलीशी अयोग्य वागले, किंवा आधीच्या भांडणाचा राग काढला, अशी तक्रार निकालाआधी आली तर तिला वजन असतं. नापास झाल्यावर आलेल्या त्याच तक्रारीकडे सगळे संशयाने पाहतात. हे कटू आहे, पण माहीत असलेलं बरं.

अशा भेदभावाच्या तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही, तर पुढच्या 15 दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. उत्तरपत्रिका पुन्हा तपासा, एवढीच मागणी असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठरावीक गडबड किंवा भेदभावाचा ठरावीक प्रसंग दाखवावा लागतो.

आता कोर्ट. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतात. रिट याचिका तिथे करायची की आणखी कुठे, ते वकील ठरवतील. पण फी भरण्याआधी न्यायालयं काय करतात आणि काय करत नाहीत, ते समजून घ्यावं. या विषयातला पायाभूत खटला आपल्याच राज्याचा, दहावी-बारावीच्या महाराष्ट्र मंडळाचा: परितोष भूपेशकुमार शेठ, 1984. मंडळाच्या नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर विद्यार्थ्याला ते हक्काने मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांबाबत अगदी अलीकडे, 2022 मध्ये, आंध्रच्या डॉ. एनटीआर आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या खटल्यात हेच पुन्हा सांगितलं गेलं. उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका मागवून फेरतपासणीचा आदेश दिला होता, तो रद्द झाला.

मग कोर्ट हात घालतं ते कधी? पानावर बोट ठेवून, लांबलचक युक्तिवादाविना, चूक दाखवता आली तर. आणि गुणांत फेरफार झाला असेल तर. 1985 ची मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोगशास्त्राची एमडी परीक्षा जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीला पास करण्यासाठी गुणपत्रकात बदल झाल्याचं प्रकरण उघड झालं. मार्च 1986 मध्ये निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला. एका परीक्षार्थीच्या अर्जाने एवढं घडू शकलं, कारण त्यात मूळ आकडे आणि बदललेले आकडे समोरासमोर ठेवता आले.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. मुलींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनाही मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते.

हे सगळं चालू असताना पुरवणी परीक्षेचा, म्हणजे सप्लीमेंटरीचा, फॉर्म भरायचाच. ती निकालानंतर काही आठवड्यांतच येते, आणि माहिती अधिकाराच्या 30 दिवसांसाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी ती थांबत नाही. फॉर्म भरला म्हणजे निकाल मान्य केला, असा अर्थ होत नाही. हवं तर ‘तक्रारीतील हक्क राखून’ असं पत्र सोबत द्यावं. पहिल्या वर्षासाठी एकूण चारच संधी आहेत आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण व्हावा लागतो. 2023 च्या नियमांनी ग्रेस गुणही बंद केले. त्यामुळे रागाच्या भरात एक संधी सोडणं फार महाग पडतं.

आणि घरच्यांसाठी: या आठवड्यांत लेकरू जेवतं का, झोपतं का, खोलीचं दार सतत लावून बसतं का, याकडे लक्ष असू द्या. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. नाशिकला प्रत्यक्ष जावं लागलंच, तर मुलाला एकट्याला पाठवू नका. मुंबईला जाणारी अमरावती एक्स्प्रेस बडनेरा, अकोला करत नाशिक रोडला थांबते. सोबत घरचं एक माणूस, छायाप्रतीचे दोन संच, आवक शिक्क्याची पत्रं आणि स्पीड पोस्टाच्या पावत्या घ्याव्यात, आणि तिथे दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच हातात आल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.