रेणू संथ नाही, वाटेत कुंपणं आहेत



पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर, त्यात तरंगणारी प्रथिनं. आता कोडं ऐका. कृत्रिम पटलात रेणू ज्या वेगानं पसरतो, त्याच्या 5 ते 50 पट मंद तो जिवंत पेशीत पसरताना दिसतो. का?

प्रथिनांची गर्दी असतेच, पण तेवढ्यानं हिशेब जुळत नव्हता. 2002 मध्ये जपानच्या अकिहिरो कुसुमी यांच्या गटानं मेदरेणूला सोन्याचा अतिसूक्ष्म कण जोडला आणि सेकंदाला 40,000 चित्रं टिपून त्याचा माग काढला. पेशी होत्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या. रेणू सुमारे 230 नॅनोमीटरच्या खणात भरधाव हिंडत होता आणि सरासरी 11 मिलिसेकंदांनी शेजारच्या खणात उडी मारत होता. साध्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये 33 मिलिसेकंद जातात. तेवढ्यात तीन उड्या होऊन जातात, म्हणून आपल्याला चाल नुसती संथ दिसते!

हे खण कशाचे? पटलाच्या आतून ॲक्टिन तंतूंचं जाळं असतं. त्याला अडकलेली प्रथिनं कुंपणाच्या खांबांसारखी उभी असतात.

फौजेत आम्ही शिकलो, अडथळा केवळ शत्रूला थांबवायला नसतो. त्याला उशीर करायला आणि त्याची वाट ठरवायलाही असतो. कुसुमींचं म्हणणं असंच आहे. संदेश घेणारी प्रथिनं एकत्र आली की तो मोठा गठ्ठा कुंपण सहज ओलांडत नाही. त्यामुळे संदेश कुठे आला, ती जागा पेशीला कळते.

तेव्हा कुणाला संथ म्हणण्याआधी वाटेतली कुंपणं मोजा.

जय हिंद.