सेल्फीत नाक मोठं का दिसतं?

आज आधी एक छोटा प्रयोग. फोन हातात घ्या (ऐकताय म्हणजे असणारच). नेहमीसारखा एक सेल्फी काढा. मग मित्राला पाच-सहा फूट लांब उभं करा, त्याला थोडं झूम करून तुमचा फोटो काढायला सांगा. आता दोन्ही फोटोंतलं नाक बघा.

फरक दिसला? लेन्स चेहऱ्याच्या अगदी जवळ असते, आणि नाकाचा शेंडा गालांपेक्षा, कानांपेक्षा तिच्या आणखी जवळ. जवळचं मोठं, लांबचं लहान. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलं की इंजिन केवढं आणि शेवटचा डबा एवढासा दिसतो ना, अगदी तसंच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे ते नाक तुमचं नाहीच, ते अंतराचं आहे!

हे मी मावसबहिणीला सांगितलं. बावीस वर्षांची आहे, पहिल्या पगारापासून नाकाच्या ऑपरेशनसाठी पैसे साठवतेय. म्हणाली, "दादा, मग फिल्टर लावल्यावर चांगलं कसं दिसतं?"

प्रश्न बरोबर आहे. फिल्टर काय करतो? चेहऱ्यावर बिंदूंची जाळी बसवतो. गूगलच्या मीडियापाइपमध्ये असे ४६८ बिंदू असतात. मग नाकाजवळचे बिंदू आत ओढायचे, डोळ्यांजवळचे बाहेर, त्वचा गुळगुळीत आणि जरा उजळ करायची. सेकंदाला तीसेक वेळा. कोड लिहिणाऱ्याला हे फार अवघड नाही, खरं सांगतो. पण गंमत बघा, लेन्स नाक फुगवते आणि फिल्टर ते बारीक करून देतो, दोन्ही एकाच फोनमध्ये. खरं नाक या दोन्हींत कुठेच नसतं. काही फोनांत तर ब्युटी मोड आधीपासून चालूच असतो, आपण कधी विचारलेलंही नसतं.

आणि हे सगळं कंपन्यांना माहीत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के जणींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्रामवर ते जास्तच वाढतं. मुलगे सुटलेत असं समजू नका. जिमच्या रीलमधले सिक्स-पॅक्स बघा, वरून पडणारा लाइट, नुकताच संपलेला वर्कआउट आणि पन्नासातला निवडलेला एक टेक.

बहिणीने ऑपरेशन रद्द केलंय का? नाही. तिचं नाक, तिचे पैसे. फक्त डॉक्टरांना दाखवायला तिने सेल्फीऐवजी लांबून काढलेले फोटो ठेवलेत, बिनफिल्टरचे. तेवढं तुम्हीही करा: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा, ब्युटी किंवा रिटच असं काही दिसलं तर शून्यावर आणा. आणि प्रयोगातले दोन्ही फोटो मला पाठवू नका, एकमेकांना दाखवा.