यंत्राला सम कळत नाही

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब सुरू झाला आणि गिरणगावात रात्री वेगळीच यंत्रं वाजू लागली. ही जागा २०१६मध्ये बंद झाली, पण लूपवर उभं राहणारं अँबियंट संगीत आता मुंबईच्या श्रोत्याला अनोळखी नाही. वादक गिटारवर चार स्वर छेडतो, पायाजवळच्या ‘लूपर’ या यंत्राचं बटण दाबतो आणि तोच तुकडा फिरत राहतो. त्यावर दुसरा थर चढतो, मग तिसरा. एकटा माणूस सभागृह भरून टाकतो.

गिरगावात लक्ष्मीबागेत किंवा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये स्वतंत्र तबलावादन ऐकलेल्यांना यात फारसं नवल वाटू नये. तिथे पेटीवाला किंवा सारंगिया लेहरा धरतो. एका आवर्तनाची धून, तीच पुन:पुन्हा. तबलजी त्यावर पेशकार, कायदे, रेले मांडत जातो. मग लूपर नवं काय करतो?

तो ध्वनीचं मोजमाप साठवतो. सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा. १६ सेकंदांच्या तुकड्याचे ७,०५,६०० आकडे होतात. शेवटचा आकडा वाजला की यंत्र पहिल्यावर येतं. दोन्ही टोकांची पातळी जुळली नाही तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं, म्हणून काही मिलिसेकंदांत शेवट विरवत सुरुवात चढवली जाते.

खरी परीक्षा असते पायाची. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं. बटण समेनंतर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेनंतर, ५० मिलिसेकंदांनी दाबलं गेलं, तर लूप १६.०५ सेकंदांचा होतो. एका आवर्तनात ते खपून जाईल. पण तबलजी आपल्या लयीवर ठाम राहिला, तर दहा आवर्तनांत अर्ध्या मात्रेचा फरक पडतो आणि सम हुकते. पेटीवाला अशी वेळ येऊ देत नाही. तबलजीने लय जरा वाढवली की त्याची बोटंही सोबत जातात. यंत्राजवळ स्मरण आहे, कान नाहीत. म्हणून लूपसोबत वाजवताना जुळवून घ्यायचं ते माणसानेच.

दुसरी अडचण विसरण्याची. थर चढतच गेले तर गजबजाट होतो. त्यावर तोड म्हणजे प्रत्येक फेरीत जुना ध्वनी थोडा उतरवायचा. दर फेरीला ९० टक्केच आवाज पुढे जाऊ दिला, तर दहा फेऱ्यांनंतर पहिला थर सुमारे ३५ टक्के उरतो आणि वीस फेऱ्यांनंतर १२ टक्के. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६३मध्ये पॅरिसला दोन टेपरेकॉर्डर जोडून असाच खेळ मांडला होता. एकावर ध्वनिमुद्रण, तीच टेप पुढे दुसऱ्यावर वाजणार आणि तो आवाज पुन्हा पहिल्यात. पुढे १९७०मध्ये हेच रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले.

प्राणनाथांच्या गाण्यात तेच स्वर पुन:पुन्हा छेडणारा तंबोरा होताच. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या सुमारास दाखवलं. कारण आहे घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यात आणि जवारीच्या दोऱ्यात. कंप पावणारी तार घोडीला पुन:पुन्हा चाटून जाते आणि तिची ऊर्जा वरच्या उपस्वरांत पसरते. त्यामुळे एकदा छेडलेली तारही विझेपर्यंत रंग बदलत असते. शिवाय दर खेपेला बोटाचा जोर थोडा निराळा पडतो.

न बदलणाऱ्या आवाजाकडे मेंदू लवकरच दुर्लक्ष करतो. पंख्याची घरघर आपण अशीच विसरतो. तंबोऱ्याचं तसं होत नाही, जसाच्या तसा फिरणाऱ्या लूपचं मात्र होतं. लूपवादकांनी यावर गणिताचा उपाय काढला: असमान लांबीचे लूप. १७ आणि १९ सेकंदांचे दोन लूप एकदम सुरू केले, तर ते पुन्हा एकत्र सुरू होतात ३२३ सेकंदांनी. दरम्यान त्यांची गाठ दरवेळी वेगळ्या जागी पडते. संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९७८चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम अशा लूपमधूनही घडला आहे.

अशा मैफलीला गेलात तर वादक किती थर चढवतो, हे मोजू नका. कोणता थर कधी उतरवतो आणि पाय समेवर पडतो का, ते पाहा. कारागिरी तिथे दिसते आणि लेहऱ्यावर मान डोलावलेल्या कानांना ती पारखायला वेगळी शिकवणी लागत नाही.