औषधी डीएनएची खरी कसोटी

पेशीतील डीएनए म्हणजे वंशपरंपरेची वही आणि प्रत्यक्ष राबणारे हात म्हणजे प्रथिने, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. या समजुतीला १९९४ मध्ये धक्का बसला. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत रोनाल्ड ब्रेकर व जेराल्ड जॉइस यांनी शिशाच्या आयनांच्या मदतीने आरएनएचा बंध तोडणारा डीएनए प्रयोगशाळेत निवडून काढला. पुढे १९९७ मध्ये स्टीफन सँटोरो व जॉइस यांनी ‘१०-२३’ हा अधिक उपयुक्त रेणू सिद्ध केला. त्याच्या मध्यभागी पंधरा घटकांचा गाभा असतो व दोन्ही अंगांना दोन बाहू. बाहू ठरावीक आरएनएला ओळखून धरतात, गाभा तो कापतो. बाहूंची अक्षरे बदलली की लक्ष्यही बदलते.

रोगाला कारण होणारे प्रथिन तयार होण्यापूर्वीच त्याचा निरोप तोडावयाचा, ही कल्पना मोहक आहे. शिवाय उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही. एकच रेणू अनेक निरोप कापू शकतो. डीएनए आरएनएपेक्षा मुळात टिकाऊ आणि तयार करण्यास स्वस्त. असे असूनही तीन दशकांत या वर्गातील एकही औषध मान्यता मिळवून रुग्णाच्या हाती पडलेले नाही. ते का, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण उघड आहे. परका डीएनए रक्तात शिरताच तेथील विकरे तो टोकापासून कुरतडू लागतात. त्यावर टोकाला उलटे थायमिडीन जोडणे, बाहूंत रासायनिक फेरफार केलेले घटक बसविणे असे उपाय निघाले. परंतु येथेच खरा पेच आहे. अशा काही घटकांमुळे बाहूंची पकड फार घट्ट झाली, तर कापलेले तुकडे सुटत नाहीत आणि कात्री पहिल्याच कापात अडकून पडते. गाभ्यात बदल करावे, तर बहुधा धारच जाते. टिकाऊपणा वाढविताना कार्यक्षमता गमवावी लागावी, असा हा व्यवहार आहे. त्यात मॅग्नेशियमची भर. या कात्रीला ते लागते. परीक्षानळीत ते सढळ हाताने घालता येते, पेशीत मात्र ते मोकळ्या स्वरूपात तुटपुंजेच असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. डीएनएशी जुळलेला आरएनए कापणारे एक विकर पेशीत मुळातच असते. त्यामुळे प्रथिन घटले तरी ते श्रेय औषधी डीएनएच्या कात्रीचे, की पेशीच्या विकराचे, हा प्रश्न उरतोच. गाभा मुद्दाम निकामी केलेल्या रेणूशी तुलना केल्यावाचून त्याचा निवाडा होत नाही.

निराश व्हावे अशी ही स्थिती नव्हे. जर्मनीत ॲलर्जीजन्य दम्याच्या ४० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. टोक सुरक्षित केलेला डीएनए रुग्णांना २८ दिवस श्वासावाटे दिला, तेव्हा ॲलर्जीकारक द्रव्य हुंगविल्यानंतर उशिरा येणारी दम्याची प्रतिक्रिया ३४ टक्क्यांनी घटली. औषधाविना फवारा घेणाऱ्यांत ती १ टक्क्याने वाढली. औषध थेट फुप्फुसात पोचल्याने रक्तातील प्रवास टळला. मात्र ही मुद्दाम घडविलेली प्रतिक्रिया होती. रोजच्या जगण्यातील आरामाचा पुरावा याहून मोठा लागतो. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे जॉन चापुट यांच्या गटाने काही जागी डीएनएमध्ये निसर्गतः नसणाऱ्या शर्करा बसवून ‘१०-२३’ टिकाऊ तर केलाच, शिवाय शरीरातल्यासारख्या परिस्थितीत त्याची धारही राखली. दोन्ही गुण एकत्र साधता येतात, हे त्यामुळे दिसले.

अशा संशोधनाच्या बातम्या वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावयास हवेत. रेणू किती तास टिकला, एवढ्याने भागत नाही. तो पेशीत, तेथल्याच अपुऱ्या मॅग्नेशियमवर, वारंवार कापतो काय? आणि निकामी गाभ्याच्या रेणूपेक्षा त्याने अधिक काय साधले? यांची उत्तरे देणारे काम संथ असते, त्याला मथळे मिळत नाहीत. पण दम्याने रात्र बसून काढणाऱ्या रुग्णाला शोधाच्या नावीन्याशी कर्तव्य नसते. त्याच्या छातीत पोचल्यावर औषध चालते की नाही, एवढेच त्याला हवे असते.