मॅरेथॉनचा सराव आणि ताटातला भात

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यातच सराव सुरू होतो आणि त्याच सुमारास अनेकांच्या ताटातून भात, पोळी, बटाटा नाहीसा होतो. पिष्टमय पदार्थांनी वजन वाढते, लांब धावणाऱ्याने हलके असावे, म्हणून ते सोडावेत, असा त्यामागचा समज. रोज बैठे काम करणाऱ्याला कमी भाताचा सल्ला योग्यही असेल. पण आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर धावणाऱ्याने तोच सल्ला पाळला, तर सराव आणि शर्यत दोन्ही बिघडतात. मॅरेथॉन हा साठवलेल्या इंधनाचा प्रश्न आहे. काय खावे, किती वेगाने धावावे, वाटेत काय घ्यावे, हे सगळे त्या एका गोष्टीवर ठरते.

धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात ती शर्करा सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरीच्या आसपास. उरलेली ऊर्जा चरबीतून येते. पण वेग वाढवला की शरीर ग्लायकोजेनवर अधिक विसंबते, आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे पाय एकाएकी उचलेनासे होतात. धावणारे याला ‘वॉल लागली’ म्हणतात. जिद्द कमी पडली असे त्या वेळी वाटते, पण बहुतेकदा संपलेला असतो तो साठा. १९६७ साली स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूंचे नमुने सुईने काढून हे दाखवून दिले. तीन दिवस पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद ठेवल्यावर व्यायामाच्या सायकलीवर माणसे सुमारे एक तास टिकली, नेहमीच्या जेवणावर सुमारे दोन तास, आणि पिष्टमय आहार भरपूर घेतल्यावर सुमारे तीन तास.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. सडपातळ माणसाच्या अंगातही चरबीची ऊर्जा हजारो किलोकॅलरींची असते. मग शरीराला चरबीवरच धावायला का शिकवू नये? ऑस्ट्रेलियातील लुईझ बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठीच पाहावा. अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतील खेळाडूंना त्यांनी काही आठवडे अत्यल्प कर्बोदकांचा आहार दिला. चरबी जाळण्याची क्षमता खूप वाढली, पण तेवढ्याच वेगासाठी प्राणवायू जास्त लागू लागला. पिष्टमय आहार घेणाऱ्यांची कामगिरी सुधारली, यांची सुधारली नाही. कारण तेवढ्याच प्राणवायूत चरबीतून मिळणारी ऊर्जा शर्करेपेक्षा कमी असते. जगातले उत्तम लांब पल्ल्याचे धावपटू देणाऱ्या केनियात तर मक्याच्या पिठाची उगाली हे रोजचे अन्न आहे. ज्वारीची भाकरी, वरणभात, पोहे, रताळे हे आपल्याकडचे अन्न त्याच जातीचे. प्रथिनांसाठी जोडीला डाळ, उसळ, दही, अंडी हवीत.

चरबी वापरण्याची क्षमता वाढवायचा खरा मार्ग सावकाश धावणे हा आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने महिनोन्‌महिने धावले की स्नायूंतील केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि त्याच वेगाला ग्लायकोजेन कमी खर्च होते. हळू धावून माणूस हळूच होतो, ही भीती निराधार आहे. क्रीडा-संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाची छाननी केली, तेव्हा जवळपास ८० टक्के सत्रे सोप्या वेगाचीच आढळली. आठवड्यात तीनच दिवस मिळणाऱ्याने एक दिवस वेगाला द्यावा, हे मान्य. पण रविवारची लांब धाव सावकाशच हवी, आणि ती ३०-३२ किलोमीटरपर्यंत गेली तरी पुरते. दुसऱ्या दिवशी पाय दुखणे ही चांगल्या सरावाची खूण मानू नये. ते दुखणे साचलेल्या लॅक्टिक ॲसिडचेही नसते. लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे, आणि त्या विश्रांतीत, पोटभर जेवणावरच भरून येतात.

शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. केळे, खजूर की एनर्जी जेल, हे लांब धावांमध्येच ठरवावे, कारण पोटालाही सवय लागते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हे सारे डॉक्टरांशी बोलूनच करावे. पाणी जितके जास्त प्यावे तितके चांगले, हा गैरसमज मात्र सर्वांत घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीच्या दिशेने घसरलेले होते, आणि त्याचा ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे अति पिण्याशी होता. मुंबईच्या दमट हवेत घाम खूप जातो, हे खरे. म्हणूनच अंदाजावर न राहता लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करावे. थोडे घटले तर काळजी नाही. वाढले असेल, तर पाणी जास्त झाले, आणि पुढच्या वेळी तहान लागेल तेवढेच प्यावे.