चिखल्या, गजकर्ण आणि दुकानातली ट्यूब

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठाने वरंधा घाटाकडे चढतो. याच वाटेवर हिर्डोशी आहे, बाजीप्रभूंच्या हिरडस मावळातलं गाव. आषाढात इथला पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही आणि भाताची लावणी नेमकी तेव्हाच असते. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद येतो; पाय मात्र सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलात.

आठवड्याभरात करंगळीशेजारची बेचकी पांढरी पडते, फुगते, सुटू लागते. मग आग, खाज, वास. या चिखल्या. नाव चिखलाचं असलं तरी दोष ओलीचा. पाण्याने कातडीचा वरचा थर मऊ पडतो आणि बुरशी, जिवाणू त्यात सहज शिरतात. म्हणून पहिला उपचार कोरडेपणाचा. घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचे, बेचकीतलं पाणी सुती फडक्याने टिपायचं, चुलीच्या उबेला थोडा वेळ बसायचं. त्यावर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. खाज थांबली की लोक मलम सोडतात आणि बुरशी पुन्हा डोकं वर काढते.

चिखल्यांवर मेंदी थापायची जुनी पद्धतही अगदीच निराधार नाही. मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या थरात मुरतो आणि तिच्यातली तुरट द्रव्यं ओली कातडी आवळतात. पण भेग खोल असेल, पू धरला असेल, तर मेंदीवर विसंबू नये. फुटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही आत शिरू शकतात. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं एकत्र आलं, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

गजकर्णाची गोष्ट अधिक चिंतेची आहे. जांघेत, कमरेला, ओलसर कपड्याखाली गोल चट्टा उठतो. दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत अनेकदा तेज स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून ती ट्यूब घरभर फिरते. स्टेरॉइड सूज दाबतं, कातडीची लढण्याची ताकदही दाबतं. बुरशी आतल्या आत पसरते, चट्ट्याचा आकार बदलतो, डॉक्टरलाही तो ओळखणं अवघड जातं. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उमटतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही नाव सांगून ट्यूब मागायची सवय सुटलेली नाही, आणि ती सुटायलाच हवी.

खरजेचं वेगळं. परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आठवड्याने पुन्हा. पावसात गोधड्या वाळत नाहीत. त्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवल्या तरी किडे मरतात.

चेहऱ्याच्या क्रीमचाही विषय यातच येतो. उन्हात राबणाऱ्या बायकांच्या गालांवर वांग येतो आणि कोणीतरी उजळ करणारी डबी आणून देतं. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच कातडीतून रक्तात उतरतो. वांगावर पहिला उपाय म्हणजे ऊन अडवणं: पदर, टोपी, सनस्क्रीन. पुढचं मलम त्वचारोगतज्ज्ञाने द्यावं.

दिवाळीपर्यंत शेतं सुकतात, हवा कोरडी होते आणि त्याच पायांच्या टाचा उलतात. घाटाखालच्या कोकणातून येणारा कोकम तेलाचा गोळा इथे कामाला येतो. तो घट्ट असतो, जरा गरम केला की वितळतो. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, पुसायचे, ओल आहे तोवरच तेल भेगांत भरायचं आणि मोजे घालायचे. मधुमेह असलेल्याने पाणी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघावं; त्याच्या पायाला चटका कळेलच असं नाही.